नवशिक्यांसाठी : सहकुटुंब सदर्न जेवून उपाशी कसे परतावे

उन्हाळा लागला की अमेरिकेच्या दक्षिणेत दोन गोष्टी हमखास येतात : पीच आणि भारतातून आईवडील. पीच लवकर संपतात. आईवडिलांना सहा महिन्यांची परवानगी असते. अटलांटाच्या आसपास राहत असाल तर लिलबर्नचं स्वामीनारायण मंदिर, कोकाकोलाचं संग्रहालय आणि कॉस्टको ही तीन तीर्थक्षेत्रं पहिल्या पंधरवड्यात उरकतात. मग एका संध्याकाळी, गरम पोळीवर तूप घेता घेता, बाबा म्हणतात, "इथली माणसं नेमकं जेवतात तरी काय, ते एकदा बघायला हवं."

घाबरून जाऊ नका. हे प्रत्येक घरात होतं. त्यासाठीच ही मार्गदर्शिका.

ध्येय आधी नीट समजून घ्या. नऊ माणसांनी दोन तास भरल्या टेबलाशी बसायचं, प्रत्येक पदार्थाचे फोटो काढायचे, ते तिथूनच पुण्याच्या ग्रुपवर टाकायचे आणि त्यातलं होता होईल तेवढं कमी पोटात जाऊ द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. तसं ते नाही. कारण दक्षिणेतलं जेवण नको तितकं आपल्यासारखं आहे : चवळी, भेंडी, पालेभाजी, मका, ताक, रताळी, शेंगा. जरा गाफील राहिलात तर घरातलं कुणीतरी चुकून पोटभर जेवेल.

१. माणसं वाढवा

चौघं गेलात तर सरळ जेवण होईल. नऊच्या खाली जाऊ नका. दोन्हीकडचे आईवडील एकाच वेळी आलेले असतील तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच; तरीही नऊ भरत नसतील तर न्यू जर्सीहून आत्याला बोलवून घ्या. दोन विहिणी समोरासमोर बसल्या की "तुम्ही सांगा आधी", "छे हो, तुम्ही सांगा" यात पहिली वीस मिनिटं आपोआप जातात. दोन व्याह्यांचा उपयोग बिलाच्या वेळी होतो. त्याकडे पुढे येऊ.

एका मिनीव्हॅनमध्ये नऊ जण मावत नाहीत, म्हणून गाड्या दोन. दुसऱ्या गाडीला पत्ता देऊ नका. "आमच्या मागोमाग या" एवढंच म्हणा.

२. मुहूर्त

रविवार, दुपारी साडेबारा. या पट्ट्याला बायबल बेल्ट उगाच म्हणत नाहीत. सकाळची प्रार्थना आटोपली की अख्खं चर्च, सूट-टाय आणि पिसांच्या टोप्यांसकट, थेट जेवायला निघतं. तुम्ही त्यांच्या बरोब्बर मागे पोचायचं.

पंचांग मुळीच बघू नका. श्रावण लागलेला असेल तर सोन्याहून पिवळं, संकष्टी असेल तर विचारूच नका. आदल्या रात्री कुणी काही बोलणार नाही. हॉटेलच्या दारात, नाव नोंदवून झाल्यावर, आई शांतपणे सांगतील, "माझं काही नाही रे, तुम्ही जेवा. मी आपली नुसती बसेन."

३. जागा निवडताना

दोन ठिकाणांची माहिती असू द्या, म्हणजे ती टाळता येतील.

पहिलं अटलांटातलं मेरी मॅक्स टी रूम. मेरी मॅकेन्झी नावाच्या बाईंनी १९४५ मध्ये सुरू केलेलं. इथली जुनी पद्धत अशी की पेन्सिल आणि कागद टेबलावर येतो आणि आपली ऑर्डर आपणच लिहायची. नऊ माणसं, एक पेन्सिल, आणि दर दोन मिनिटांनी "माझं ते खोडा" म्हणणारे सासरे. घरून खोडरबर न्या.

दुसरं सव्हानातलं मिसेस विल्क्स. सेमा विल्क्स यांनी १९४३ मध्ये हाती घेतलेलं बोर्डिंग हाउस, चक्क खानावळ. आरक्षण नाही, बाहेर फुटपाथवर रांग. एका टेबलाशी दहा जण, ओळख असो वा नसो. चिकन, भात, चवळी, भेंडी, बटाटे, सगळं मोठमोठ्या वाडग्यांतून मधोमध मांडलेलं. हवं ते घ्यायचं आणि वाडगा शेजाऱ्याकडे सरकवायचा. जेवण झालं की आपली ताटली आपण उचलून आत नेऊन द्यायची. इथे बाबा म्हणतील, "पैसेही आपण द्यायचे आणि ताटही आपणच उचलायचं?" पण म्हणताना ते हसत असतील, कारण त्यांना सदाशिव पेठेतले खानावळीचे दिवस आठवलेले असतील. तिथे मंडळी जेवतात, दहाव्या अनोळखी माणसाशी गप्पा मारतात आणि खूश होऊन परततात. म्हणून तिथे नेऊ नका. अटलांटाहून चार तासांचा रस्ता आहे, एवढी सबब पुरे.

नवशिक्यांनी हायवेला लागून असलेलं, व्हरांड्यात झुलत्या खुर्च्या ओळीनं मांडलेलं कुठलंही मोठं हॉटेल निवडावं.

४. प्रतीक्षा

दारातल्या मुलीला "देशपांडे" असं नाव सांगा, आणि पुढची पन्नास मिनिटं "पँडा, पार्टी ऑफ नाइन" या हाकेकडे दुर्लक्ष करा.

झुलत्या खुर्च्या विकायला असतात, हे बाबांना कळू देऊ नका. किंमत विचारतील आणि घरी न्यायचा हिशेब मांडतील. रस्त्यापलीकडे एखादा माणूस टेम्पोत चूल मांडून उकडलेल्या शेंगा विकत असेल, तर तिकडे आईंची पाठ राहील अशा बेतानं त्यांना बसवा. होय, भुईमुगाच्या, सालासकट, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, आपल्याकडे पावसाळ्यात मिळतात तशाच. साउथ कॅरोलायनानं २००६ मध्ये त्यांना राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं. आईंच्या हाती त्या पडल्या तर सगळा बेत इथेच फसला.

५. चहा

वेट्रेस येईल आणि बाबांना "हनी" म्हणेल. आईंकडे बघू नका. ती सासऱ्यांनाही "हनी" म्हणेल, धाकट्याला "शुगर" म्हणेल आणि आत्याला "बेबी". कुणाचाच विशेष मान राखलेला नाही, हे लक्षात आल्यावर वातावरण निवळतं.

मग ती विचारेल, चहा घेणार का? नऊही जण एका सुरात हो म्हणतील. समजावून सांगू नका. स्वीट टी म्हणजे कोरा चहा. तो गरम असतानाच त्यात भरपूर साखर विरघळवतात आणि मग बर्फानं भरलेल्या उंच ग्लासात ओततात. सासरे ग्लासाला हात लावतील आणि म्हणतील, "गार झालाय. गरम करून आणायला सांगा." आई एक घोट घेतील, नवऱ्याचा ग्लास स्वतःकडे ओढतील आणि त्यांची मधुमेहाची गोळी शोधायला पर्स उघडतील. एवढ्यात वेट्रेस जग घेऊन येते आणि न विचारता ग्लास पुन्हा काठोकाठ भरते, कारण हा चहा कितीही वेळा फुकट मिळतो. एव्हाना बाबांचा चेहरा उजळलेला असेल : "म्हणजे अनलिमिटेड?" फक्त चहा अनलिमिटेड आहे, थाळी नाही, ही बातमी हळूहळू फोडा.

६. शाकाहार

हा टप्पा घाईनं उरकू नये. निम्मं यश इथेच आहे.

दक्षिणेत, विशेषतः टेनेसीकडे, 'मीट अँड थ्री' नावाचा प्रकार असतो : एक मांसाचा पदार्थ आणि यादीतून निवडलेल्या तीन भाज्या. तुम्ही म्हणाल, मांस वगळून नुसत्या भाज्या मागवल्या की झालं. तशी ताटंही मिळतात आणि तिथेच मौज आहे.

आधी यादी वाचून दाखवा. भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीज असतं. त्यावर वाद घालू नका, दक्षिणेत ती भाजी आहे. मग हिरव्या पालेभाजीकडे वळा. कॉलर्ड नावाची जाड पानांची भाजी तासन् तास शिजवतात, आपल्या अळूला लाज वाटेल इतकी मऊ. तिचा रस वाटीत घेऊन त्यात मक्याचा ब्रेड कुस्करून खातात. आईंच्या तोंडाला पाणी सुटलं की विचारा, "यात मांस आहे का?" वेट्रेस मनापासून सांगेल, अजिबात नाही, नुसती भाजी आहे, चवीपुरतं डुकराचं हाड घातलंय. फरसबी? तिच्यात बेकन. चवळी? तिच्यातही. बिस्किट, म्हणजे ताकात भिजवलेल्या पिठाचा गरमागरम पाव? चरबीत मळलेला असण्याची दाट शक्यता.

ज्यांची संकष्टी आहे त्यांना रताळी सुचवा. इथे 'कँडीड याम' म्हणून जी मिळतात ती रताळीच. लोणी-साखरेत घोळवलेली, उपासाला अगदी चोख. वर पांढरा मऊ थर दिसेल. तो मार्शमॅलोचा, आणि मार्शमॅलो जिलेटिनचा, आणि जिलेटिन कशापासून होतं ते थोरलीला शाळेत शिकवलेलं आहे. तिला बोलू द्या.

उरलं काय? तळलेली भेंडी. मक्याच्या पिठात घोळवून, कुरकुरीत. ती आल्याबरोबर एकट्या धाकट्यापुढे ठेवा. त्याला भेंडी आवडत नाही.

एक सूचना मात्र गांभीर्यानं घ्या. मांसाहारी मंडळींपैकी कुणी "आपलं साधं चिकन घेऊ" म्हणून 'चिकन-फ्राइड स्टेक' मागवत असेल तर त्यांना थांबवा. त्यात चिकन कुठेच नाही. तो चिकनसारखा पिठात घोळवून तळलेला बीफचा तुकडा असतो. ही थट्टेची जागा नाही. सासऱ्यांचं ब्लडप्रेशर तुमच्या विम्यात बसत नाही.

७. "हे तर आपलंच"

ताटं आली. आता एकेक पदार्थ बोटानं दाखवून त्याचं नातं लावायचं. यात आपल्या माणसांचा हात कुणी धरत नाही. चवळीचे दाणे? "आपली चवळीची उसळ. फोडणी नाही बिचारीला." कॉर्नब्रेड? "मक्याची भाकरीच, पण थापता आली नाही वाटतं यांना." ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या रव्याची लापशी, जी जॉर्जिया राज्याचा अधिकृत पदार्थ आहे : "उपमा बिघडला की असा होतो." हशपपी? "भजी. कांदा कमी." केळ्याचं पुडिंग? "शिकरण! बिस्किटं कुणी घातली यात?"

पदार्थ ओळखीचा निघाला की तो खायची गरज राहत नाही. त्यात काय कमी आहे तेवढं सांगितलं की पुरतं. यासाठीच आई पर्समधून लसणीच्या चटणीची डबी, आत्या लिंबाच्या लोणच्याची बाटली आणि सासूबाई मेतकूट बाहेर काढतात. टेबलावर आधीपासून एक बाटली असते, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हिरव्या मिरच्यांची, पालेभाजीवर शिंपडण्यासाठी. तिच्या शेजारी लाल टबॅस्को, लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर १८६८ पासून होत आलेला. या दोन्ही बाटल्या धाकट्याच्या उंच खुर्चीमागे लपवा. कुणी मिरचीचा एक थेंब जरी भाजीवर घातला आणि "अरे, बरं लागतंय की" म्हणालं, तर तुमचा सगळा खटाटोप वाया जाईल.

शेजारच्या टेबलावरची मंडळी हात धरून, डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना म्हणत असतील. बाबा मुलांना म्हणतील, "बघा, शिका काही. आपणही श्लोक म्हणायचो." ते श्लोक सुरू करतील. तिसऱ्या शब्दापाशी अडतील. सगळे एकदम जेवायला लागा.

८. इतिहास

जेवताना इतिहास काढू नये हा सर्वसाधारण नियम. पण थोरली जॉर्जियाच्या शाळेत शिकते. ती चवळीकडे बोट दाखवेल आणि सांगेल, ही पश्चिम आफ्रिकेतून, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या जहाजांबरोबर आली. आणि हे सगळं जेवण ज्या हातांनी घडवलं, त्या हातांच्या माणसांना पुढे शंभर वर्षं अशा हॉटेलांच्या पुढच्या दारानं आत यायची मुभा नव्हती.

थांबवू नका. हळहळायला वाव मिळतो आणि हळहळताना खावं लागत नाही. तिला सांगू द्या : १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या जेवणाच्या काउंटरवर बसले आणि त्यांना कॉफी नाकारली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटातल्या रिचेस या दुकानाच्या उपाहारगृहात बसल्याबद्दल मार्टिन ल्युथर किंग यांना अटक झाली. आणि लेस्टर मॅडॉक्सची गोष्ट : या गृहस्थाचं अटलांटात फ्राइड चिकनचं हॉटेल होतं, १९६४ चा नागरी हक्क कायदा झाल्यावर आत येऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांना त्यानं पिस्तूल दाखवून हाकललं, आणि १९६७ मध्ये तो जॉर्जियाचा गव्हर्नर झाला. बाबा कपाळाला हात लावतील. सासरे "काय माणसं ही!" म्हणतील. याच शहरात १९४७ मध्ये जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या भावांनी काढलेल्या हॉटेलात किंग आणि त्यांचे सहकारी चिकन खात खात चळवळीचे बेत आखत, हे ऐकून आत्या "पुढच्या रविवारी तिथे जाऊ" म्हणेल. मान हलवा.

इथवर ठीक. यानंतर थोरली विचारेल, "आजोबा, तुमच्या गावात असं होतं?"

ही वेळ कसोटीची. बाबांना गावच्या स्टँडवरचं चहाचं हॉटेल आठवेल, आणि मागच्या बाजूला खिळ्याला टांगलेल्या वेगळ्या कपबश्या. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं आणि अस्पृश्याच्या हातचा चहा कुणी पिईना, तेव्हा शाहू महाराज मुद्दाम गाडी थांबवून तिथला चहा घेत. हेही त्यांना ठाऊक असेल. ते सांगायला तोंड उघडतील. त्याआधी सासरे म्हणतील, "ते वेगळं होतं हो." आई म्हणतील, "जेवताना कशाला?" आत्या ग्लासातला बर्फ हलवेल.

ताबडतोब डेझर्टचा मेनू मागा. सर्वात मोठा पीच कॉबलर, वर आइस्क्रीम, चमचे नऊ. थोरलीनं पुन्हा विचारलं तर तिचे मार्क किती चांगले आहेत ते वेट्रेसला सांगा.

९. मासे

घरात मालवणकडचं कुणी असेल तरच हे कलम वाचावं. कॅटफिश गोड्या पाण्यातला असतो, पुष्कळदा मिसिसिपीतल्या तळ्यांत पाळलेला. हे सांगितलं की काम झालं. पुढचा अर्धा तास बांगड्यावर जाईल.

१०. बिल आणि टिप

आता व्याही. बिल टेबलावर आलं की दोघं एकदम उठतील. "आमच्या मुलीच्या गावात तुम्ही पाहुणे." "छे, मुलगा आमचा." दोघांच्याही खिशात रुपयांची कार्डं आहेत आणि ती दोन्ही इथे चालणार नाहीत, हे आधीपासून तुम्हाला माहीत आहे, तरी वेट्रेसला दोन्ही घासून बघू द्या. मग तुम्ही पैसे भरा. दोघंही म्हणतील, "बघून घेऊ नंतर."

टिपेचा धडा महत्त्वाचा. मोठा घोळका असला की बऱ्याच ठिकाणी अठरा-वीस टक्के टिप बिलातच लावलेली असते. बाबा ती ओळ शोधतील आणि विचारतील, "हे कसले?" त्यांना सांगा की इथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप घेणाऱ्या कामगाराला मालकानं ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालतात, टिप धरून किमान वेतन भरलं म्हणजे झालं. आणि तो आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाबा आयुष्यभर युनियनमध्ये होते. ते गप्प होतील, वेट्रेसकडे बघतील आणि विचारतील, "मग संप का करत नाहीत?" उत्तर देऊ नका, उशीर होतोय.

उरलेलं अन्न डब्यांत भरून मागा. उरलेलं म्हणजे जवळजवळ सगळंच. डबे सात होतील, ते दुसऱ्या गाडीत ठेवा. दुसरी गाडी एव्हाना सापडलेली असेल असं धरून चालू.

शेवटी, मनाला लागलं म्हणून, कुणाचं लक्ष नाही असं बघून टेबलावर वीस डॉलरची वेगळी नोट ठेवा. नऊ माणसं, तीन वेळा बदललेली ऑर्डर, गरम चहाची दोनदा मागणी. एवढं तर तिचं देणं लागतोच. मग सगळ्यांना मोजून बाहेर काढा. गाडीचं दार उघडाल तेवढ्यात बाबा धापा टाकत पार्किंगमधून येतील, हातात नोट धरून : "अरे, टेबलावर विसरला होतास. कुणीतरी उचलली असती ना!"

त्यांना गाडीत बसवा. एसी लावून द्या. नोट घेऊन तुम्ही पुन्हा आत जा. दारातली मुलगी एव्हाना बदललेली असेल. ती हसून मेनूकार्डांचा गठ्ठा उचलेल आणि विचारेल, "किती जण?"